कोरी आणि कोरलेली

"प्लस पाहिजे की मायनस?"

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात काउंटरपर्यंत पोहोचायलाच वीस मिनिटं लागली होती आणि पोहोचल्यावर पहिला प्रश्न आला तो हा. डिसेंबर 2005. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि स्टेशनातून उतरून चालत. खिशात साडेतीन हजार रुपये. मला घरच्या कॉम्प्युटरला बसवायला डीव्हीडी रायटर हवा होता. जाहिरातींत त्याला बर्नर म्हणत, पण आपल्याकडे तो रायटरच. डिस्क कोणी जाळत नाही, 'राइट करून' देतात.

लिहिलेली नसते तेव्हा आपण तिला कोरी डिस्क म्हणतो. आणि दगडावर, तांब्यावर, कायमचं राहावं म्हणून जे लिहितात, ते कोरलेलं. दोन अक्षरांच्या फरकानं ही दोन टोकं मराठीत शेजारी बसलेली आहेत. रायटरचं सगळं काम या दोन शब्दांच्या मधलं. त्या दिवशी मात्र हे काही डोक्यात नव्हतं. प्लस की मायनस, एवढंच होतं.

त्या काळी घरी लिहिता येणाऱ्या डीव्हीडीची दोन घराणी होती. डीव्हीडी मायनस आर पायोनिअरनं 1997 साली आणली. फिलिप्स, सोनी, एचपी वगैरे कंपन्यांनी एकत्र येऊन वेगळी वाट काढली आणि 2002 साली डीव्हीडी प्लस आर बाजारात आली. हातात घेतल्या तर दोन्हींत काही फरक दिसत नाही. तोच 12 सेंटीमीटरचा व्यास, तीच 4.7 जीबी जागा. फरक आहे तो कोऱ्या डिस्कवर आधीच आखून ठेवलेल्या नागमोडी चरीत. लिहिताना लेसरनं कुठे आहोत हे कसं ओळखायचं, याच्या खुणा दोघांच्या निराळ्या. 2001 साली पायोनिअरचा ड्राइव्ह ॲपलच्या कॉम्प्युटरमध्ये बसून आला, तो फक्त मायनस लिहायचा. 2002 साली सोनीनं दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह काढला आणि भांडण हळूहळू निवळलं. 2005 पर्यंत बाजारातला जवळपास प्रत्येक रायटर दोन्ही लिहीत होता. तेवढं मी वाचून गेलो होतो, म्हणून जरा ऐटीत म्हणालो, "दोन्ही लिहिणारा द्या."

"ड्राइव्ह दोन्ही लिहितो हो. मी डिस्कचं विचारतोय. कॉम्प्युटरवरच बघणार की प्लेअरवर लावणार?"

"प्लेअरवर. आत्याच्या घरी."

"मग मायनस घ्या. जुने प्लेअर मायनस पटकन उचलतात."

आत्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

आत्या बदलापूरला राहते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच दिवशी उल्हास नदीनं बदलापूरची काय दशा केली, ते मुंबईबाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक. आत्याचं घर तळमजल्यावर. पाणी छातीपर्यंत आलं. माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. चौथ्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात दोरीवर साड्या नव्हत्या, फोटो वाळत घातले होते. लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. आणि कपाटाच्या खालच्या खणात लग्नाची व्हिडिओ कॅसेट. खिडकीतून आत बघितलं तर रिळावर चिखलाचा थर. आत्यानं ती कॅसेट धुतली होती. नळाखाली धरून, साबण न लावता, हलक्या हातानं धुतली होती. नंतर ती उन्हात ठेवली होती. "चालेल का रे?" असं तिनं विचारलं. मी बघतो म्हणालो.

ती चालणार नव्हती. पण लग्नाच्या वेळी, म्हणजे 1989 साली, बाबांनी त्या कॅसेटची एक नक्कल करून घेतली होती. ती आमच्याकडे डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर कोरडी राहिली. नक्कल म्हणजे रंग जरा उतरलेले, कडा थरथरणाऱ्या. टेपवरून टेपवर घेतलं की दर वेळी थोडं गळतं. पण आता तीच अस्सल झाली होती. तिची डिस्क करून आत्याला द्यायची, हे बदलापूरहून परतताना गाडीतच ठरलं. पैसे जमायला डिसेंबर उजाडला.

रायटर निवडताना मी काय पाहिलं आणि काय पाहायला हवं होतं, यांत बरंच अंतर आहे. मी पाहिला वेग. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 16 एक्स. डीव्हीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे 1,385 किलोबाइट, सीडीच्या एक एक्सच्या नऊपट. हिशेबानं 16 एक्सला पूर्ण डिस्क साडेतीन मिनिटांत व्हायला हवी. होत नाही. हा वेग फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो. डीव्हीडी मधून लिहायला लागते आणि कडेकडे सरकत जाते, ग्रामोफोनच्या तबकडीच्या अगदी उलट. मधल्या छोट्या वर्तुळात तेवढ्याच फेऱ्यांत कमी अंतर कापलं जातं, म्हणून सुरुवात सहा-सात एक्सनं होते. 16 एक्सच्या ड्राइव्हला पूर्ण डिस्क लिहायला सहा मिनिटं लागतात, 8 एक्सला आठ. दोन मिनिटांसाठी डिस्क मिनिटाला 9,000 हून जास्त फेऱ्या मारते, कॅबिनेट थरथरतं, आणि लिहिलेलं कच्चं राहण्याची भीती वाढते.

पाहायला हवं होतं ते खोक्यावर कुठेच नसतं. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या कारखान्याची सांकेतिक खूण आधीच कोरलेली असते. रायटर ती वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या, म्हणजे ड्राइव्हच्या आतच भरलेल्या प्रोग्रॅममधल्या, यादीत शोधतो: या डिस्कच्या रंगावर लेसर किती जोरानं आणि किती वेळ मारायचा. यादीत ती डिस्क असेल तर काम नीट होतं. नसेल तर ड्राइव्ह सरधोपट अंदाजानं लिहितो. म्हणून त्या काळात जाणकार माणसं ड्राइव्ह घेण्याआधी कंपनी त्याचं फर्मवेअर किती वेळा नवं करते, ते बघायची. बेताच्या किमतीचा पण फर्मवेअर वेळच्या वेळी मिळणारा ड्राइव्ह हा महागड्या पण वाऱ्यावर सोडलेल्या ड्राइव्हपेक्षा केव्हाही बरा. हे मला दोन वर्षांनी उमगलं.

दुसरी गोष्ट मी योगायोगानं बरोबर घेतली. लिहिताना कॉम्प्युटरकडून येणारी माहिती क्षणभर अडली, तर पूर्वीचे सीडी रायटर डिस्क वाया घालवत. 2000 च्या सुमाराला सान्योनं यावर उपाय काढला: माहिती संपत आली की लेसर थांबतो, जागा लक्षात ठेवतो, आणि पुन्हा तिथूनच पुढे लिहितो. 2005 पर्यंत हे सगळ्याच ड्राइव्हमध्ये आलं होतं. माझ्या जुन्या, धापा टाकणाऱ्या कॉम्प्युटरला याची फार गरज होती.

3,200 रुपयांना रायटर मिळाला. उरलेल्या पैशांत दहा कोऱ्या डिस्क. चांगल्या भारतीय कंपनीच्या मिळत होत्या. नोएडाच्या मोझर बेअरचं नाव तेव्हा घराघरांत होतं आणि ती जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी एक होती. पुढे तिनं चित्रपटांच्या डीव्हीडी 34 रुपयांत विकायला काढल्या, आणि 2018 मध्ये ती कंपनीच मोडीत निघाली. पण त्या दिवशी मी चाळीस रुपये वाचवले. शेजारच्या फळीवर बिननावाच्या सुट्या डिस्क होत्या, दर नगाला आठ रुपयांनी स्वस्त. पाच त्या घेतल्या, पाच नावाच्या. दहा डिस्कचा तो छोटा निर्णय मला अजून टोचतो.

घरी येऊन बसवायला अर्धा तास लागला. चपटी पट्टी केबल, मागची जम्परची पिन हार्डडिस्क मास्टर तर रायटर स्लेव्ह अशी लावायची, चार स्क्रू. ट्रे पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली होती.

मग कॅसेट. गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्यानं व्हीसीआर चार दिवसांसाठी दिला. त्याचा धंदा तेव्हा बसतच आला होता. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन वायरी टीव्ही ट्यूनर कार्डाला जोडल्या. टेपवर कडेनं पांढरी बुरशी होती. डोंबिवलीच्या दमट हवेत सोळा पावसाळे काढल्यावर असणारच. कॅसेट उघडून मऊ कापडानं एकेक हात टेप पुसत पुढे सरकवायची, यात एक रविवार गेला.

कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घ्यायला कुठलाही शॉर्टकट नसतो. तीन तासांची कॅसेट तीन तास चालवावीच लागते. आणि मध्ये चित्र फाटलं तर थांबवून हेड पुसून पुन्हा घ्यायचं, म्हणून समोर बसून राहावं लागतं. सोळा वर्षांत ते लग्न कुणी सलग तीन तास पाहिलं नव्हतं. पाहुणे आले की मंगलाष्टकं लावायची, सप्तपदी लावायची, बाकी पुढे पळवायचं. मी पहिल्यांदाच सगळं पाहिलं. सीमांतपूजनातली वैतागलेली माणसं. पंगतीत वाढणारे बाबा, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, माझ्या आताच्या वयापेक्षा कितीतरी लहान. जिलबीच्या ताटासमोर मी, तेरा वर्षांचा, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला.

आजी कुठेच नव्हती.

आईनं कारण सांगितलं. आजोबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कन्यादान काका-काकूंनी केलं. आजी त्या काळच्या रीतीप्रमाणे मांडवात पुढे आली नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, पण कुणी ये असंही म्हटलं नव्हतं. ती मागच्या खोलीत बसून राहिली. फोटोलाही ती उभी राहायची नाही. 1994 साली ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो मिळेना, तो रेशनकार्डावरून मोठा करून घ्यावा लागला.

तिसऱ्या तासाच्या अगदी अखेरीस पाठवणी आली. आत्या रडतेय, बाया रडताहेत, गाडीचं दार उघडं. कॅमेरावाल्याला बहुधा कुणीतरी धक्का दिला, कारण चित्र एकदम डावीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. मांडवाचा खांब. खांबाला आंब्याचा टाळा बांधलेला. आणि खांबाआड आजी. फिकट लुगडं, पदर डोक्यावरून. तिची नजर गाडीकडे. तिनं दोन्ही हात उचलले, दुरूनच आत्याच्या अंगावरून उतरवल्यासारखे हवेत फिरवले, आणि बोटं आपल्या कानशिलांवर टेकवून मोडली. आवाज ऐकू येत नाही, वरातीचा बँड वाजतोय. पण बोटं वाकताना दिसतात. मग कॅमेरा परत गाडीकडे वळतो.

अकरा सेकंद. मी मोजली. हलती-चालती आजी जगात तेवढीच आहे.

आई मागे उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "हे नीट घे हं."

तीन तास एका डिस्कवर मावले असते, पण चित्र दाबून, ठोकळे ठोकळे करून. दीड-दीड तासाच्या दोन डिस्क करायचं ठरवलं. पहिलीत हळदीपासून मुहूर्तापर्यंत, दुसरीत जेवणावळ, लक्ष्मीपूजन, पाठवणी. नीरो या प्रोग्रॅममध्ये आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे डिस्कवर उतरणार ते सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये, बनवली आणि त्याच इमेजवरून दोन-दोन प्रती काढायच्या, एक आत्याला, एक आम्हाला. असं का केलं, याला त्या वेळी आळसाखेरीज कारण नव्हतं. पण असं केल्यानं दोन्ही घरांतल्या डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या झाल्या. याचं मोल पुढे कळलं.

लिहिण्यात मोठा अडसर होता भारनियमनाचा. त्या हिवाळ्यापासून पुढची काही वर्षं ज्यांनी मुंबईबाहेर काढली, त्यांना वेळापत्रक आठवत असेल. ग्रँट रोडला दिवे झगझगत, आणि आम्ही संध्याकाळी पाच ते आठ अंधारात. वेळापत्रकाबाहेर वीज जाई ती वेगळीच. पहिलीच डिस्क सत्तर टक्क्यांवर असताना वीज गेली. माहिती अडली तर ड्राइव्ह थांबून वाट बघतो, पण वीजच गेली तर तो काय करणार! एकदाच लिहायची डिस्क तिथेच संपली. ट्रे उघडायलाही वीज नव्हती. पुढच्या बारीक भोकात पेपरक्लिप खुपसून तो ओढून काढला. डिस्क अजून कोमट होती. मेणबत्तीच्या उजेडात जांभळट पाठीवर स्पष्ट दिसत होतं: मधून बाहेर सत्तर टक्के गडद कडं, आणि त्यापुढे फिकट, कोरी पट्टी. लिहिलेलं आणि न लिहिलेलं यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

आत असतो तो सेंद्रिय रंगाचा थर. दोन अर्ध्या जाडीच्या चकत्यांच्या मधोमध, सँडविचसारखा. 650 नॅनोमीटरचा लाल लेसर तो थर जागोजागी तापवतो आणि तिथला रंग बदलतो. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर खरे खड्डे असतात. घरी लिहिलेल्यावर खड्ड्यांचा भास देणारे डाग. चरीच्या दोन वेढ्यांतलं अंतर 0.74 मायक्रॉन. ती चर उलगडून सरळ केली तर जवळपास 12 किलोमीटर भरते, डोंबिवलीहून कल्याणला जाऊन परत यावं तेवढी. आजीची अकरा सेकंदं त्या वाटेच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, बाहेरच्या कडेला.

मी छोटा यूपीएस आणला. तो दहा-बारा मिनिटं तग धरायचा. 16 एक्सला सहा मिनिटं, म्हणून जोरात उरकावं असा मोह होता. पण 8 एक्सलाही आठच मिनिटं, तीही यूपीएसमध्ये बसत होती. फार हळू, म्हणजे दोन-अडीच एक्सला लिहिलं की सगळ्यात पक्कं होतं, हा समज तेव्हा सगळीकडे होता. तो तितकासा खरा नाही. 16 एक्ससाठी बनवलेल्या डिस्कचा रंग जलद लेसरलाच नीट प्रतिसाद देतो. मधला वेग चांगला. आणि लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय' करायचं. ड्राइव्ह सगळी डिस्क परत वाचतो आणि मूळ फाइलशी ताडून बघतो. त्याला आणखी काही मिनिटं जातात म्हणून लोक ती खूण काढून टाकतात. ती कधीच काढू नये. सरतेशेवटी डिस्क बंद करायची, फायनलाइझ. नाहीतर कॉम्प्युटरवर दिसते आणि प्लेअरवर दिसत नाही.

चारही डिस्क झाल्या. नावाच्या पाचांतली एक वाया गेली, एक आधीच चाचणीत वापरली होती. उरल्या तीन. चौथ्या डिस्कसाठी मी बिननावाची घेतली. ती होती आमच्या घरासाठीची दुसरी. आत्याला चांगल्या दिल्या, हे तरी बरं केलं.

आणखी एक चूक मी प्रेमापोटी केली. स्टेशनरीच्या दुकानात गोल चिकटपट्टीचे कागद मिळायचे, इंकजेटवर छापून डिस्कवर चिकटवायचे. आमच्या दोन डिस्कवर मी आत्या-काकांचा फोटो छापून लावला. आत्यासाठी कागद उरले नाहीत, म्हणून तिच्यावर नुसतं मार्करनं लिहिलं. कागद हवेतली ओल ओढतो, आक्रसतो, आणि डिस्कला किंचित वाक देतो. हजारो फेऱ्यांत एवढा वाकही लेसरला नेम धरू देत नाही. आमच्या डिस्क शोकेसमध्ये, खिडकीसमोर, उन्हात चकाकत पंधरा वर्षं दिसायला सुंदर राहिल्या. उन्हानं आतला रंग हळूहळू विटत गेला, तो कुणाला दिसला नाही.

मधल्या काळात हार्डडिस्क गेली, तिच्याबरोबर इमेज गेल्या. घर रंगवताना 2012 साली आम्ही कॅसेटही काढून टाकली. डिस्क आहे ना, असं मीच म्हणालो होतो.

2024 च्या दिवाळीत बाबांच्या पंचाहत्तरीसाठी मुलीला जुनी चित्रं जोडून काहीतरी करायचं होतं. "ते लग्न दे ना," ती म्हणाली. तिच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. तिनं लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून मला दाखवला.

तर एकोणीस वर्षांनी पुन्हा रायटर निवडायला बसलो. आता प्रश्न प्लस-मायनसचा नव्हता. यूएसबीला जोडायचा चपटा ड्राइव्ह, दीड-दोन हजारांत मिळतो. हे चपटे ड्राइव्ह डीव्हीडी जास्तीत जास्त 8 एक्सला लिहितात, आणि आपल्याला त्याहून जास्त नकोच आहे. बघायचं ते केबलकडे. एका यूएसबी तोंडातून मिळणारी वीज काही ड्राइव्हना पुरत नाही. डिस्क फिरायला लागते, टकटक करते आणि थांबते. लोकांना वाटतं डिस्क खराब आहे. दोन तोंडांची केबल असेल तर ती घ्यावी, किंवा बाहेरून वीज मिळणारा हब. आणि जमलं तर कुणाच्या तरी अडगळीतला जुना, अर्ध्या विटेएवढा डेस्कटॉपचा ड्राइव्हही मिळवावा. एका ड्राइव्हला न उचलणारी डिस्क दुसरा कधीकधी सहज उचलतो. मी दोन्ही मिळवले.

पहिली डिस्क कुरकुरत उतरली. दुसरी, ती बिननावाची, पाठवणीपर्यंत आली आणि अडकली. ड्राइव्ह वेग कमी करत करत शेवटी रांगायला लागला. बाहेर काढून उजेडात धरली. कडेनं दोन-तीन मिलिमीटर रुंद, चहाच्या डागासारखं तपकिरी कडं.

मी बराच वेळ ती डिस्क हातात धरून बसलो होतो. मुलगी विचारत होती, "काय आहे तिथे?" मी सांगितलं. तिनं पणजीचा रेशनकार्डावरचा फोटोच पाहिलेला.

डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. डीव्हीडीवर 2,048 बाइटांचे सुमारे 23 लाख सेक्टर, म्हणजे माहितीचे कप्पे, असतात. साधी कॉपी करताना एक सेक्टर अडला की सगळंच थांबतं. हा प्रोग्रॅम आधी जे सहज मिळतं ते उचलतो, अडलेल्यांची नोंद एका नकाशात करतो, मग त्या जागांकडे पुन्हा पुन्हा येतो. तो नकाशा जपून ठेवला की तीच डिस्क उद्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेलं मागता येतं. आम्ही दोन्ही ड्राइव्ह आलटून पालटून लावले. कागदाचं लेबल काढायच्या फंदात पडलो नाही. ओढताना डिस्कवर ताण येतो. चार रात्री ते चाललं होतं. अखेर 11,000 च्या वर सेक्टर हाती लागले नाहीत. चित्राच्या हिशेबात जेमतेम अर्धं मिनिट. कुठलं, ते सांगायला नकोच.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अरे, माझी दुसरी डिस्क कधीची अडकते. जेवणावळीपाशी थांबते ती थांबतेच. पुढचं कित्येक वर्षं पाहिलं नाही मी. पण आहे, कपाटात आहे."

बदलापूरला गेलो. पुरानंतर आत्यानं काहीही खालच्या खणात ठेवलेलं नाही. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पैठणीच्या घडीत, प्लास्टिकच्या डबीत तिची डिस्क. नातवानं कधीतरी फरशीवर घासली होती, मधल्या भागात ओरखड्यांचं जाळं. पण कड? जांभळी, स्वच्छ, एकसारखी. एकोणीस वर्षांत तिच्यावर ऊन पडलं नव्हतं.

तिची डिस्क जिथे अडते तिथे आमची शाबूत. आमची जिथे विटली तिथे तिची शाबूत. आणि दोन्ही एकाच इमेजवरून लिहिलेल्या, त्यामुळे कुठला सेक्टर कुठला याबद्दल वाद नाही. आत्याच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आमचा नकाशा दिला, तिची डिस्क घातली आणि फक्त राहिलेलं माग म्हणून सांगितलं. ड्राइव्ह ओरखड्यांकडे फिरकलाच नाही. सरळ कडेला गेला. मुलगी पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होती. नऊ हजार. चार हजार. आठशे. सोळा-सोळाच्या गठ्ठ्यांनी तो उतरत होता, कारण डीव्हीडी चुका दुरुस्त करते तीही सोळा सेक्टरांच्या गठ्ठ्यानंच. मग शून्य.

आम्ही लगेच लावलं. गाडीचं दार, रडणाऱ्या बाया, चित्राला धक्का, खांब, आंब्याचा टाळा.

आत्या पुढे सरकून बसली. अकरा सेकंद संपली तरी ती पडद्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, ती आलीच नाही बाहेर. मी गाडीत बसताना शोधत होते."

"याआधी पाहिलं नव्हतंस?"

"पाहिलं असेल. खांबाकडे कोण बघतं! आपलं स्वतःचंच बघतो आपण त्यात."

मुलीनं फाइल सगळ्यांना पाठवली, पेन ड्राइव्हवर घेतली, आणखी कुठे कुठे ठेवली. आत्याला मात्र डिस्कच हवी होती. तिच्या हाताला डिस्क लावायची सवय आहे आणि प्लेअर अजून चालतो. कोऱ्या डिस्क मी बरोबर नेल्याच होत्या, नावाच्या. पाच प्रती काढायच्या ठरल्या: आत्या, आम्ही, दोन काका, आणि आत्याची नाशिकची नणंद, जिचं लक्ष्मीपूजनात नाव घेताना हसू फुटलं होतं. 8 एक्स, व्हेरिफायची खूण लावलेली. एकीला वीसेक मिनिटं.

तिसरी डिस्क चालू असताना आत्या चहा घेऊन आली. कप ठेवला आणि तिनं त्या चपट्या काळ्या ड्राइव्हवर तळहात टेकवला.

"गरम लागतंय रे," ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवला.